कडुबा मामांचा चांगला शब्द

कडुबा मामांच्या तोंडून अठरा वर्षांत मी एकही चांगला शब्द ऐकला नव्हता. तरीही पुंडलिकनगरच्या आमच्या मैदानावर त्यांच्याइतका लाडका माणूस दुसरा नाही. मामा वाईट बोलायचे ते आमचं वाईट होऊ नये म्हणून, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं अशी फक्त दोन माणसं निघाली, आणि त्यामुळं मागच्या वर्षी आमच्या मुलींचा बास्केटबॉल संघ भलत्याच माणसाच्या हातात जायची वेळ आली.

आधी मामांची ओळख करून देतो. कडुबा फकिरा म्हस्के. वय चौसष्ट, उंची पाच फूट तीन, म्हणजे बास्केटबॉलच्या उपयोगाची नाही. घराणं चिकलठाण्याकडच्या शेतकऱ्यांचं. मामांच्या आधी दोन लेकरं गेली, म्हणून तिसरं झालं तेव्हा आईनं मुद्दाम असलं नाव ठेवलं, की काळाला वाटावं, हे काय न्यायच्या लायकीचं! वडिलांचं फकिरा हे नावही त्याच हिशेबानं पडलेलं. बायको मिळाली तीही दगडाबाई. तेव्हा चांगल्याला चांगलं म्हटलं की ते हातचं जातं, हे मामांना कोणी शिकवायची गरज पडली नाही. त्यांच्या आधार कार्डावरच ते लिहिलेलं आहे.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मामांनी तीस वर्षं वेल्डिंग केलं. कारखान्यांच्या आपापसातल्या स्पर्धेत त्यांनी पहिल्यांदा बास्केटबॉल पाहिला आणि वेडेच झाले. सव्वीस वर्षांपूर्वी कॉलनीतल्या लोकांनी मोकळ्या जागेवर काँक्रीट ओतून मैदान केलं, तेव्हा दोन्ही रिंगा मामांनीच बनवून बसवल्या. त्यातली पूर्वेकडची रिंग बोटभर डावीकडं कलती होती. आमच्या पोरींना ते माहीत, बाहेरच्या संघांना नाही. मामा याला चूक म्हणत नव्हते, देवाची करणी म्हणायचे. त्याच रिंगच्या मागं रंगाचा रिकामा डबा उलटा घालून त्यावर बसायचं, ही त्यांची जागा. त्या डब्यावर दुसरा कोणी बसलेला मी मागच्या वर्षापर्यंत पाहिलेला नव्हता.

मॅचच्या दिवशी मामा पोरींच्या रांगेसमोरून जायचे आणि एकेकीकडं बघून म्हणायचे, "आज मार खाणार तुम्ही. ही तर पळतच नाय. हिला कशाला आणली?" पोरी हसायच्या आणि जोमानं खेळायच्या. जिंकल्यावर मामा म्हणायचे, "समोरचेच ढिले होते." हळूहळू मैदानाच्या जाळीला लागून असलेल्या बन्सीच्या चहाच्या टपरीवर, म्हणजे आमच्या कट्ट्यावर, हीच रीत पडली. कोणाला चांगलं म्हणायचं नाही. जितकी आवडती खेळाडू, तितक्या तिला जास्त शिव्या. मी एकदा बीडच्या संघाविरुद्ध बोलून गेलो, "आज सोपं आहे." मला भर मे महिन्यात जाळीच्या बाहेर काढून उन्हात उभं केलं, आणि आम्ही एका गुणानं हरलो. मी नाट-बीट मानत नाही, पण तेव्हापासून तोंड मात्र सांभाळतो.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान मैदानासमोरच आहे. गिऱ्हाईक नसलं की मी कट्ट्यावर असतो, आणि गिऱ्हाईक असलं तरी बऱ्याचदा तिथंच असतो. बायकोचं याबद्दलचं मत इथं सांगण्यासारखं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमचे कोच काळे सर मुलाकडं नाशिकला राहायला गेले. एकोणीस वर्षं त्यांनी फुकट कोचिंग केलं होतं. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं, "माझ्या जागी कोण, ते कट्टा ठरवील. मैदान कट्ट्यानं केलंय." झालं. माकडाच्या हातात कोलीत म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवसापासून बन्सीचा चहा दुप्पट खपायला लागला.

खरं तर ठरवायचं काही नव्हतंच. काळे सरांच्या हाताखाली गेली आठ वर्षं रूपा साळवे पोरींना घडवत होती. रूपा आमच्याच मैदानावर वाढलेली. तिचे वडील सांडू साळवे महानगरपालिकेत पाण्याच्या टाकीवर होते, आणि मैदान झालं तेव्हा काँक्रीटला पाणी मारायला तेच यायचे. रूपा पहिल्या संघाची कॅप्टन. वीस वर्षांची असताना महाराष्ट्राच्या निवडीला चार दिवस उरले होते, तेव्हा तिचा गुडघा गेला आणि खेळ संपला. आता ती अडतीस वर्षांची आहे. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पहाटे पहिल्या शिफ्टला जाते, चारला सुटते आणि पाचला मैदानावर हजर असते. कोणत्या पोरीच्या घरी काय चाललंय, कोणी उपाशी आलंय, कोणाचा पास आखूड पडतोय, सगळं तिला बघताक्षणी कळतं. सराव संपला की जाळीला हात लावून आम्हाला विचारते, "काय म्हणतो कट्टा?" आणि आम्ही रीतीप्रमाणं म्हणतो, "काही खरं नाही."

आता अशा माणसाला कोच करायचं म्हटल्यावर आम्ही काय केलं असेल? तिला नावं ठेवायला सुरुवात केली.

शिवराजनं तोंड उघडलं. हा शहागंजचा कापडवाला. दुकान बंद करून रोज संध्याकाळी स्कूटरवर इतक्या लांब येतो. तो म्हणाला, "रूपा नको यार. आवाज किती चढतो तिचा. आमच्या दुकानापर्यंत ऐकू येईल."

"गुडघा गेलेला कोच काय कामाचा?" बन्सी म्हणाला. "खुद भाग नहीं सकती, पोरींना काय पळवणार?"

मीही मागं राहिलो नाही. मी म्हणालो, "कोच कसा रुबाबदार पाहिजे. तो पुण्याचा विश्वजीत बघा. सर्टिफिकेट आहे, ट्रॅकसूट आहे, लॅपटॉपवर मॅच दाखवतो."

विश्वजीत नावाचा तरुण कोच आमच्या शहरात एका शिबिरासाठी आला होता. माणूस चांगला होता, पण आमच्याशी त्याचा संबंध एका चहापुरता. तरी त्याचं कौतुक करायला आम्हाला काही अडचण नव्हती, कारण तो आम्हाला नकोच होता.

डब्यावरून मामांनी कळस चढवला. "रूपी? ती कोच झाली तर मी रिंगा काढून भंगारात घालीन."

हे असं साडेतीन आठवडे चाललं. आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं, तो दिवस सोडला तर एकही संध्याकाळ रिकामी गेली नाही. प्रत्येकाला मनातून रूपाच हवी होती, आणि प्रत्येक जण इतक्या मनापासून तिला नावं ठेवत होता, की हळूहळू एकमेकांबद्दलच शंका यायला लागली. हे बाकीचे खरंच तिच्या विरोधात तर नाहीत? मला शिवराजची शंका आली. शिवराजला, त्यानं नंतर सांगितलं, माझी आली होती. विचारायचं कसं? विचारलं की नाट लागणार!

तिकडं टपरीच्या दुसऱ्या बाकावर मैदान चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष बसलेले असायचे. माऊली पाथ्रीकर, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन पैठणकडून दोन वर्षांपूर्वी इथं राहायला आले. सरळ माणूस. कोणी 'हो' म्हटलं तर हो समजणार, 'नाही' म्हटलं तर नाही. कट्ट्याचं मत काय ते समजून घ्यावं, म्हणून ते बिचारे रोज कान देऊन ऐकत होते. आणि जाळीच्या पलीकडं बॉल गोळा करताना रूपाही ऐकत होती. आम्हाला वाटायचं, तिला कळतंय. अठरा वर्षांची रीत आहे, न कळायला काय झालं?

एका शनिवारी सकाळी आण्णा माझ्या दुकानात आले. "राजेंद्र, एक पत्र टाइप करा." मी बोटं चालवायला लागलो. 'श्री. विश्वजीत यांस, आमच्या मुलींच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून...' तिथं माझी बोटं थांबली.

"आण्णा, हे कोणी ठरवलं?"

"तुम्हीच की!" ते चकित होऊन म्हणाले. "महिनाभर ऐकतोय मी. कट्ट्यावर एक माणूस रूपाच्या बाजूनं बोलला नाही. मला वैयक्तिक ती बरी वाटत होती. पण लोकांच्या मनाविरुद्ध कसं जायचं? उद्या सकाळी आठला विश्वजीतला मैदानावर बोलावलंय, सगळ्यांसमोर पत्र देऊन टाकू. रूपालाही सांगितलंय मी. तिला जालन्याच्या एका निवासी शाळेनं क्रीडाशिक्षिका म्हणून बोलावलंय, राहायला घरही देतायत. सोमवारी होकार कळवते म्हणाली. तिचंही चांगलं झालं."

मी आण्णांना खोटंच सांगितलं की प्रिंटर बिघडलाय, उद्या सकाळी देतो. ते गेल्यावर बन्सी चहाचा ग्लास घेऊन आला. त्याला सांगितलं, तर त्यानं माझा चहा स्वतःच पिऊन टाकला. "राजूभाई, मी तर मजाक करत होतो. मला रूपाच पायजे होती." शिवराजला फोन केला. पलीकडून तो म्हणाला, "मला वाटलं, फक्त मलाच ती हवी आहे." दुपारपर्यंत मी सात जणांना विचारलं. सातही जणांना रूपा हवी होती, आणि सातही जणांनी महिनाभर तिची सालटी काढली होती. शहाण्यांचा बाजार, दुसरं काय!

"आता आपण आण्णांना सांगू," बन्सी म्हणाला.

"आपलं कोण ऐकणार?" मी पुन्हा फोन लावल्यावर शिवराज म्हणाला. "आज हे, उद्या ते. आणि रूपा आपल्यासाठी थांबेल का? थांबली तर मामांच्या शब्दावर थांबेल. तिच्या लहानपणापासून मामा त्या डब्यावर आहेत."

म्हणून मी मामांकडं गेलो. ते ओट्यावर बसून नायलॉनच्या दोरीची जाळी विणत होते. रिंगला लावायची जाळी ते विकत आणू देत नाहीत. शेजारी दगडाबाई मामी मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. मामांचे हात थांबले.

"मामा, उद्या तुम्ही सगळ्यांसमोर एकदा म्हणा, रूपा चांगली आहे. बास, एवढंच."

"नाय म्हणणार."

"का पण?"

"एकदा म्हणलो होतो," मामा म्हणाले. त्यांनी जाळी बाजूला ठेवली. "तुला याद नाय? जालन्याच्या पोरींसंगं मॅच होती. रूपीनं एकटीनं तीस पॉइंट मारले होते. मी या तोंडानं सगळ्यांसमोर बोललो, ही पोरगी महाराष्ट्राकडून खेळणार, लिहून घ्या. लई जोरात बोललो. आन् तिसऱ्या दिवशी ती पडली. मीच उचलली तिला. रिक्षात माझ्या मांडीवर पाय होता तिचा. तवापासून मी कोनाला चांगलं म्हणलो नाय. तिला तर नायच नाय. पुन्यांदा तिचं वाटुळं करू का मी?"

मी त्या मॅचला होतो. मला ते वाक्य आठवतही नव्हतं. आम्ही ज्याला मामांची गंमत समजून अठरा वर्षं हसत होतो, ती गंमत नव्हती. तो माणूस रोज संध्याकाळी डब्यावर बसून एका पोरीची राखण करत होता. मला माझीच लाज वाटली.

बोलल्या त्या मामी. मान वर न करता, मेथीची काडी मोडत म्हणाल्या, "आवं, चाळीस वरसं झाली लग्नाला. मला कधी चांगलं म्हणले नाय तुमी. भाजी झाली तरी म्हणायचं, बरी हाय. मी जिती हाय न्हवं? ती तुमच्या न म्हणण्यानं का माझ्या दमानं?"

मामांनी जाळी पुन्हा हातात घेतली.

"माझी तर हौस राहिलीच," मामी म्हणाल्या. "त्या पोरीची तरी राहू देऊ नका."

मामांनी 'हो' म्हटलं नाही. मी निघालो तेव्हा ते पुन्हा जाळी विणत होते, आणि एक गाठ त्यांनी तीनदा सोडली.

रविवारी सकाळी नेमकं सातला नळाला पाणी आलं. आमच्याकडं नळाला पाणी आलं की माणूस सोयरिकीची बैठक सोडून घरी पळतो. मला वाटलं, आता मैदानावर आण्णा, विश्वजीत आणि मी, तिघंच असणार. आठला जाऊन बघतो तर सगळा कट्टा हजर! कोणाची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, कोणाच्या खांद्यावर पाण्याचा पाइप तसाच. शिवराज शहागंजहून आला होता. पोरी एका रांगेत उभ्या होत्या. संघाची सगळ्यात लहान खेळाडू श्रेया रडून रडून लाल झाली होती, कारण रूपा सामानाच्या खोलीची किल्ली परत द्यायला आली होती. विश्वजीत निळ्या ट्रॅकसूटमध्ये, जरा संकोचून, कडेला उभा होता. मामा डब्यावर होते. मामी पहिल्यांदाच मैदानावर आल्या होत्या आणि जाळीला टेकून उभ्या होत्या.

आण्णांनी घसा साफ केला. "तर कट्ट्याच्या इच्छेप्रमाणं..."

मामा उठले. डबा कलंडला आणि गडगडत रिंगखाली गेला. ते मैदानाच्या मधोमध आले, रूपासमोर उभे राहिले. त्यांनी एकदा तिच्या गुडघ्याकडं पाहिलं. मग वर रिंगकडं पाहिलं. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो, घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी पाहिलं.

"रूपी चांगली हाय," ते म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, "लई चांगली हाय! काळे सरांपेक्षा चांगली हाय. या पोरींना तिनं घडवलं. आमाला तीच कोच पायजे. दुसरं कोनी नको. मी कडुबा म्हस्के बोलू लागलो, लिहून घ्या!"

बोलून झाल्यावर ते तसेच उभे राहिले. आता काहीतरी कोसळणार, अशा तयारीनं त्यांनी डोळे मिटले होते. काही कोसळलं नाही. कोणाच्या तरी घरची टाकी भरून वाहायला लागली होती, तेवढा आवाज येत होता.

रूपाच्या हातात किल्ली तशीच होती. "मामा, हे लिहून घ्या तुम्ही अठरा वर्षांपूर्वी पण म्हणाला होता."

"व्हय," मामा डोळे न उघडता म्हणाले. "माझ्याच तोंडानं गेला तुझा गुडघा."

"काय?" रूपा म्हणाली. "तुम्हाला इतकी वर्षं असं वाटतंय? मामा, आमच्या घरात दृष्ट-बिष्ट कोणी मानत नाही. बाबासाहेबांचं नाव सांगतो आम्ही. माझे बूट झिजलेले होते, तळाला भोक होतं. पप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी पैसे उसने आणून नवे घेतले असते, म्हणून मी सांगितलं नाही. बुटामुळं पडले मी. तुमच्या बोलण्यानं नाही." मग ती एक पाऊल पुढं आली. "उलट तुम्ही बोलला होता ना, ते एकच वाक्य धरून मी परत उभी राहिले. आणि त्यानंतर तुम्ही मला कधी बरं म्हणालाच नाहीत. मला वाटलं, मी तुमच्या मनातून उतरले. महिनाभर जाळीपलीकडून ऐकत होते मी. बाकीच्यांचं काही वाटलं नाही. तुम्ही रिंगा भंगारात घालणार म्हणालात, त्या दिवशी मी जालन्याला फोन केला."

मामांनी डोळे उघडले. मग चौसष्ट वर्षांचा तो माणूस सगळ्या मैदानासमोर हमसून हमसून रडला. रूपाही रडली. मीही रडलो, आणि ज्याला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

आण्णा मात्र चिडले होते. "अहो, मग महिनाभर तुम्ही लोक काय बोलत होता?"

शेवटी बन्सी म्हणाला, "आण्णा, वो प्यार था."

विश्वजीत आधी समजून घेत होता, मग जो हसत सुटला तो थांबेना. त्यानं स्वतःच रूपाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि म्हणाला, "मला नावं ठेवणारे असे लोक पुण्यात मिळाले तर बघतो." जाताना त्यानं बन्सीकडं चहा घेतला आणि रूपाला स्वतःचा फोन नंबर देऊन गेला. मी दुकानात जाऊन नाव बदललं आणि पत्र काढलं. प्रिंटर अर्थातच चालू होता.

कोच झाल्यावर रूपानं पहिलं काम काय केलं असेल? मामांना बोलावलं आणि पूर्वेकडची रिंग दाखवली. "मामा, ही सरळ करा."

कट्टा हादरला. "अगं, ती आपली देवाची करणी आहे!" मी म्हणालो.

"बाहेर सगळीकडं रिंगा सरळ असतात, दादा," रूपा म्हणाली. "आपल्या पोरी इथं जिंकतात आणि बाहेर जाऊन हरतात. कशामुळं, ते कधी बघितलं का? मला त्यांना राज्याला न्यायचंय. सुरुवातीला हरतील. हरू द्या."

मामा दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी वेल्डिंगचं सामान घेऊन आले आणि सव्वीस वर्षांची करणी तासाभरात सरळ करून गेले.

जानेवारीत रूपाची कोच म्हणून पहिली मॅच झाली, आमच्याच मैदानावर. मामांनी रांगेसमोरून जाताना एकेकीला चांगलं म्हटलं. त्यांना सवय नव्हती, प्रत्येक शब्दाला अडखळत होते, आणि पोरींना त्यांच्या शिव्यांची इतकी सवय की त्या घाबरून गेल्या. खेळ मात्र झकास झाला. शेवटी सहा सेकंद राहिली होती, आम्ही एका गुणानं मागं होतो आणि श्रेयाला एकेका गुणाचे दोन फ्री थ्रो मिळाले. पूर्वेकडच्या रिंगवर. पोरगी लहानपणापासून त्या रिंगवर बोटभर डावीकडं मारत आली होती. पहिला बॉल डावीकडं लागून बाहेर आला. दुसराही तसाच. आम्ही हरलो.

समोरचा संघ नाचत होता आणि आमचा सगळा कट्टा वळून डब्याकडं बघत होता. सगळ्यांच्या मनात एकच होतं. मामा चांगलं बोलले आणि लागलं नाट. खरं सांगतो, माझ्याही मनात ते आलं. मामांचा चेहरा उतरला होता. त्यांनी एकदा रूपाकडं पाहिलं. ती बाकीच्या पोरींना पाणी देत होती. तिनं फक्त मान हलवली आणि श्रेयाकडं बोट दाखवलं.

श्रेया रिंगखाली गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मामा डबा उचलून तिच्याजवळ गेले, तो उलटा घातला आणि तिला त्यावर बसवलं. स्वतः खाली काँक्रीटवर बसले.

"चांगली खेळलीस," ते म्हणाले.

"हरलो ना, मामा."

"व्हय, हरलो. तरी चांगली खेळलीस. पुढची जिंकू."

बन्सी सवयीनं 'थू थू' करायला गेला, तर शिवराजनं त्याला कोपर मारलं. पुढची मॅच, त्यापुढची मॅच, आम्ही आता सगळ्यांसमोर जिंकू म्हणतो. कधी जिंकतो, कधी हरतो. पण त्या संध्याकाळी मामांनी श्रेयाचे डोळे आपल्या उपरण्यानं पुसले आणि तिला रिंग दाखवली.

"उद्या सकाळी सहाला ये. शंभर मारू. रिंग सरळ हाय आता, पोरी. बॉल आत गेला, की तुझ्याच हातानं गेला."